धुतलेली अंडी

अक्का, मी तुझ्यावर चिडले आहे, हे आधीच सांगून टाकते. तू जाऊन पंधरवडा उलटला, घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, ह्यांनी तर परवा स्वतः चहा केला, आणि मी मात्र मनातल्या मनात तुझ्याशी भांडते आहे. तू होतीस तेव्हाही आपलं निम्मं बोलणं भांडणातच जायचं, त्यामुळे यात नवं काही नाही. फक्त "स्वल्प थांब गं, पुणेकरीण," असं म्हणून मला अडवायला आता समोर कुणी नसतं.

मी धाकट्या भावाच्या लग्नाला पुण्याला गेले होते, हे तुला ठाऊकच होतं. परत आले, सकाळी लॅबमध्ये पाऊल टाकलं, तर तुझ्या टेबलावरचा बर्नर कुणीतरी उचलून नेलेला. अक्का रजेवर गेली म्हणून तिच्या वस्तू वाटून घेता काय, असं मी तोंड उघडून विचारणारच होते, तेवढ्यात साहेबांनी मला आत बोलावलं आणि खुर्चीकडे हात केला. साहेब कधी कुणाला बसायला सांगत नाहीत. तू गेलीस, हे मला खुर्चीकडे पाहूनच कळलं.

ऑपरेशन तर नीट पार पडलं होतं. गर्भपिशवी काढली, टाके सुकले, तू चामराजपेटला घरी आलीस, भिंतीला धरून दारापर्यंत चालायला लागलीस. एवढं मी जाण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग एकाएकी ताप, उलट्या, जुलाब, आणि थोड्याच दिवसांत सगळं आटोपलं. अशक्त अंगाला ताप झेपला नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी मान काही हलेना. आपण दोघी कच्च्या अंड्यातल्या ज्या जंतूच्या मागे इतकी वर्षं हात धुवून लागलो होतो, तो माणसाच्या पोटात गेला की नेमकं हेच करतो. आणि मी पुण्याला गेल्यापासून रोज सकाळी तू दुधात कच्चं अंडं फेटून घेत होतीस. शक्ती यायला म्हणून डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

मला आठवतं, मी लग्न होऊन बंगळूरला आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून फार वर्षं झाली नव्हती आणि मला कन्नडचा एक शब्द येत नव्हता. हे सरकारी कारखान्यात इंजिनिअर, सकाळी जात ते दिवेलागणीला येत. पुण्याची बी.एस्सी. घरात बसून कुजते आहे म्हणून कुणाकुणाच्या ओळखीने मी त्या सरकारी लॅबमध्ये चिकटले. पहिल्याच दिवशी दारात इतका घाण वास आला की मी नाकाला पदर लावून "देवा रे, काय मेलंय इथे" असं पुटपुटले. कोपऱ्यातल्या टेबलावर निळ्या सुती नऊवारीतली, मोकळ्या कपाळाची एक बाई ज्योतीवरून अंडं फिरवत होती. तिने मान वर न करता मराठीत सांगितलं, "काही मेलं नाही. स्वल्प दिवसांत सवय होते." ती तू. तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या घराण्याचं मराठी आणि वर कन्नडची फोडणी. मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की वास विसरून मी तुझ्या शेजारी स्टूल ओढलं.

महिनाभर मी तुला "अहो सरसाबाई" म्हणत होते. मग तूच वैतागून म्हणालीस की लॅबमध्ये सगळे अक्का म्हणतात, तूही म्हण, आणि ते अहो-जाहो पुण्याला परत पाठव. तेव्हापासून तू माझी अक्का.

तू मला अंडं फोडायला शिकवलंस. घरात रोज दोन-दोन अंडी फोडणाऱ्या मला, जन्मात अंडं न चाखलेल्या तू. कवच स्पिरिटने पुसायचं, ज्योतीवरून फिरवायचं, म्हणजे बाहेरचं जे काही असेल ते मरतं आणि आत काय आहे तेवढंच हाती येतं. मग तापवलेल्या चिमट्याने टोक फोडायचं, पांढरं-पिवळं फ्लास्कमध्ये ओतून घुसळायचं, पातळ ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतूंच्या पोषक पाण्यात, घालून रात्रभर ऊबेला ठेवायचं. अंड्यातला जंतू अर्धमेला असतो, त्याला आधी खाऊपिऊ घालून उभं करावं लागतं, असं तू म्हणायचीस. दुसऱ्या दिवशी कडक ब्रॉथ, ज्यात बाकीचे जंतू दबतात आणि हा तेवढा तरतो. मग प्लेट, काचेच्या ताटलीत थिजवलेलं त्याचं खाद्य. प्लेटवर काळे, कडेला धातूसारखी चमक असलेले ठिपके आले की मी आनंदाने ओरडायची आणि तू म्हणायचीस, "स्वल्प थांब." कारण काळे ठिपके इतरही देतात. मग कुठली साखर तो आंबवतो ते पाहायला साखरेच्या नळ्या, आणि सगळ्यांत शेवटी काचेवर नेमक्या त्याच जंतूला ओळखणाऱ्या सीरमचा थेंब. त्यात दूध नासल्यासारखे कण धरले की मगच तू मान हलवायचीस. आठवडा जायचा यात. मला वाटायचं, या बाईला जन्मभर थांबायचंच आहे काय.

आपली सगळी भांडणं या थांबण्यावरून. प्लेट कोरी निघाली की मला रिपोर्टवर "अंडी चांगली आहेत" असं लिहून मोकळं व्हायचं असे. तू माझ्या हातातून कागद काढून घ्यायचीस. "चांगली आहेत असं अंड्यानं सांगितलं काय तुला? आपल्याला सापडलं नाही. एवढंच आपल्याला ठाऊक." आणि त्याखाली कसं तपासलं, किती अंडी एकत्र केली, कुठल्या ब्रॉथमध्ये किती वेळ ठेवली, सगळं लिहायचीस. साहेब कुरकुर करत, की पुरवठा खात्याला हे कोण वाचणार, त्यांना हो की नाही एवढंच हवं असतं. तू शांतपणे म्हणायचीस, "कसं कळलं ते सांगितल्याशिवाय, काय कळलं त्याला अर्थ नाही, सर." हे वाक्य लक्षात ठेव, अक्का. मला ते तुला परत करायचं आहे.

संध्याकाळी तू निळी साडी उतरवून कपाटात ठेवायचीस, घरची साडी नेसायचीस, हात शिकेकाईने घासायचीस आणि मग निघायचीस. कपाटातली ती साडी कधी घरी गेली नाही. कारण घरी आत्यांना वाटत होतं की तू पाणी तपासतेस.

आत्या म्हणजे तुझ्या वडिलांची बहीण आणि तुझी सासू. तुमच्याकडे मामाची मुलगी करतात, त्यामुळे लहानपणी जिच्या मांडीवर खेळलीस तिच्याच घरी सून होऊन गेलीस. नवरा दोन वर्षांत गेला. भाऊबंदांनी तुला कोपऱ्यात बसवायचं ठरवलं, तेव्हा आत्या, स्वतः लाल आलवणातल्या, कडक सोवळ्याच्या, कुणाच्या हातचं पाणी न पिणाऱ्या, त्यांनी सगळ्यांना सुनावलं की माझी सरसा कॉलेजात जाईल. हे तू मला किती वेळा सांगितलंस, आणि दर वेळी तुझा आवाज बदलायचा. पोरगी सरकारात नोकरी करते, शहराचं पाणी तपासते, हे त्या गल्लीभर सांगत. पाण्याचे नमुनेही आपल्याकडे येत, तेव्हा ते अगदीच खोटं नव्हतं. पण तुझं काम अंड्यांचं होतं, आणि ते कळलं तर भाऊबंद आत्यांच्या तोंडावर काय बोलतील याची तुला धास्ती होती. तुझ्यासाठी जिने साऱ्या गोतावळ्याशी वैर घेतलं, तिचं नाक तुझ्यामुळे कापलं जाऊ नये, एवढंच तुझ्या मनात असायचं.

आणि ती अंघोळ. घरी पोचलीस की थेट परसात, अंड्यांचा विटाळ घालवायला विहिरीचं गार पाणी डोक्यावरून. डिसेंबरातसुद्धा, जेव्हा बंगळूरची संध्याकाळ हाडांत शिरते. तुला दर हिवाळ्यात खोकला धरायचा आणि मी ओरडायची, की बाई गं, निदान पाणी तरी तापव. तू म्हणायचीस, अवेळी बंब पेटवला तर आत्या विचारेल कशाला. गार पाण्याचं तिला सांगितलं आहे, दिवसभर उभं राहून अंगाची आग होते म्हणून.

"मग सांगून टाक एकदाचं," मी म्हणायची. "त्यांनी तुला कॉलेजात घातलं, त्या अंड्याने मोडून पडणार नाहीत."

"गरज पडेल तेव्हा सांगीन."

हे आपलं सगळ्यांत जुनं भांडण. मी माझ्या स्वभावाप्रमाणे तोंडाचा पट्टा सोडायची, तू हसून विषय बदलायचीस आणि मला विचारायचीस, ऑम्लेट खायला कसं लागतं गं? मी डब्यातून आणलं की तू स्टूल उचलून लांब जाऊन बसायचीस, पण बघत राहायचीस. धंद्यातलं कुतूहल, असं म्हणायचीस. मी सांगायची, तुझ्या ब्रॉथपेक्षा बरं लागतं.

त्या वर्षीचं तर तुला आठवत असेलच, ज्या वर्षी एका इस्पितळातले पेशंट पुन्हा पुन्हा आजारी पडत होते. कच्चं अंडं दुधातून तिथे सगळ्यांनाच देत. अंडी आपल्याकडे आली, आपण तपासली, काही सापडलं नाही. पुन्हा आली, पुन्हा काही नाही. मी म्हटलं, अंडी चांगली आहेत, दोष दुधाचा असेल. तू म्हणालीस, स्वल्प थांब, आणि स्वतः जटका, म्हणजे टांगा, करून त्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलीस. तिथे अंडी बाजारातून टोपलीत उन्हातून येत, आणि तिथला स्वयंपाकी, स्वच्छतेचा मोठा भोक्ता, ती सगळी गार पाण्याच्या बादलीत घालून चोळून धुऊन रचून ठेवी. आपल्याकडे येत ती टोपलीतली, न धुतलेली.

परत आलीस ती डोळे चमकवत. एकाच टोपलीतली निम्मी अंडी आपण गार पाण्यात धुतली, निम्मी तशीच ठेवली, आणि मग नेहमीसारखी कवचं जाळून फोडली. न धुतलेल्यांत काही आलं नाही. धुतलेल्यांच्या प्लेटवर काळे ठिपके. मला ते पटेचना. धुतल्याने घाण आत जाते म्हणे! मी म्हटलं, हे बाहेर सांगितलं तर लोक आपल्याला वेड्यात काढतील. तू फळ्यावर अंडं काढलंस. कवचाला बारीक भोकं असतात. उन्हाने तापलेलं अंडं गार पाण्यात पडलं की आतला ऐवज आकसतो आणि बाहेरचं पाणी आत ओढून घेतो, कवचावरच्या घाणीसकट. कोरडं अंडं आपली राखण आपण करतं. धुतलेलं पाहायला स्वच्छ आणि आतून बाधलेलं.

इस्पितळाने धुणं थांबवलं आणि तक्रारी थांबल्या. तुला मी इतकी खूश कधी पाहिली नव्हती. पण त्या दिवशी कपाटात साडी ठेवताना तू एकटीच हसलीस. मी विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, "आमच्या घरात हे कुणाला पटणार नाही. आमच्याकडे सगळं पाण्यानं शुद्ध होतं."

हे सगळं तुला ठाऊक होतं, अक्का. माझ्यापेक्षा आधी, माझ्यापेक्षा नीट ठाऊक होतं. म्हणून तर मी चिडले आहे.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी मी तुला भेटायला आले, तेव्हा तू खाटेवर उशाला टेकून बसली होतीस आणि आत्या दारात उभ्या होत्या. डॉक्टरांनी अंडं सांगितल्याचं त्यांनीच मला सांगितलं. जड गेलं, म्हणाल्या, पण औषधाला विटाळ नसतो. उद्यापासून परसात वेगळी शेगडी, वेगळं भांडं, आणि करणार त्या स्वतः, कारण दुसऱ्या कुणाला हे सांगायची सोय नाही. तू माझ्याकडे इतक्या भोळ्या चेहऱ्याने पाहिलंस आणि विचारलंस, "का गं कुसुम, अंडं म्हणजे फोडतात तरी कसं? तुमच्यात चालतं ना, आत्याला सांग." मला हसू दाबताना ठसका लागला. आत्यांनी मला पाणी दिलं. मी त्यांना अंडं फोडायला शिकवलं, चमच्याने टक करून, आणि तू खाटेवरून लक्ष देऊन ऐकत होतीस, जणू पहिल्यांदाच ऐकते आहेस. निघताना तू माझा हात दाबून कानात म्हणालीस, "शेवटी तुमच्यात ओढलंच मला." तेच आपलं शेवटचं बोलणं. ते चेष्टेत गेलं याचं मला कधी बरं वाटतं, कधी नाही.

पुण्याहून आल्यावर साहेबांच्या खोलीतून मी तशीच तुझ्या घरी गेले. आत्या ओसरीवर बसल्या होत्या. रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, परसात ये, तुझ्यासाठी ठेवलं आहे. विहिरीजवळच्या कोनाड्यात टोपलीत उरलेली अंडी होती. "तुमच्यात चालतात, ने तू. टाकून द्यायला माझा हात होत नाही." अंडी दुधासारखी पांढरीशुभ्र, चकाचक. बाजारातलं अंडं कधी असं नसतं, त्याला कुठे ना कुठे पीस चिकटलेलं असतं, विष्ठेचा डाग असतो. शेजारी बादली, बादलीत नारळाच्या शेंडीचा पुंजका. मी टोपली उचलली.

अंडी मी घरी नेली नाहीत. तुझ्या टेबलावर ठेवली, बर्नर परत आणवला, आणि कपाटातून तुझी निळी साडी काढून माझ्या साडीवर खांद्यावरून गुंडाळली. मी एकही पायरी गाळली नाही, अक्का. स्पिरिट, ज्योत, चिमटा, ऊब. प्लेटवर काळे ठिपके दिसले तेव्हा मी ओरडले नाही. मोठ्याने म्हटलं, स्वल्प थांब. नळ्या लावल्या. मग काचेवर सीरमचा थेंब ठेवला आणि काच डुलवत खिडकीशी उभी राहिले. कण धरले. मी काच धुऊन टाकली नाही, बराच वेळ तशीच हातात धरून होते.

आणि मग माझं माझ्याशीच भांडण सुरू झालं. आत्यांना सांगायचं काय? ज्या बाईने तुला वाढवलं, शिकवलं, तुझ्यासाठी सत्तरीत पहिल्यांदा अंड्याला हात लावला, तिला सांगायचं की तुम्ही धुतलंत म्हणून? मी ठरवलं, नाही सांगायचं. आयुष्यभर निकाल तोंडावर फेकणारी मी, मला पहिल्यांदा एक निकाल गिळून टाकावासा वाटला. अंडी कशी होती विचारलं तर म्हणेन, छान होती. एवढं ठरवूनच परवा दुपारी मी चामराजपेटला गेले.

परसदाराने आवाज येत होते. शेजारची पद्मा, जिची लेक नुकतीच बाळंत झाली आहे, विहिरीजवळ उकिडवी बसली होती. लेकीला अशक्तपणा, त्याच डॉक्टरांनी तेच सांगितलेलं. आत्या तिला दाखवत होत्या. बादलीत गार पाणी, पाण्यात अंडी, हातात शेंडी. "असं गोल गोल घास बा. कवचाला काही राहता कामा नये. मग नीट आत घे." इतक्या मायेने दाखवत होत्या.

मग मी म्हटलं, "आत्या, अंडी धुवू नका."

आत्यांचा हात पाण्यातच थांबला. माझ्याकडे वळून त्यांनी असं पाहिलं की मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं.

"सरसाही हेच म्हणाली होती," त्या म्हणाल्या.

मी बादलीशेजारी बसले. पद्मा आमच्या दोघींकडे पाहत राहिली. आत्या हळूहळू सांगत गेल्या. पहिल्या दिवशी नाही कळलं तुला, तू आत खाटेवर आणि हे सगळं परसात. दोन-चार दिवसांनी तू भिंत धरून परसदारापर्यंत आलीस, त्यांना घासताना पाहिलंस आणि म्हणालीस, आत्या, अंडी धुवू नकोस. त्यांना वाटलं, म्हातारीला अंड्याला इतका वेळ हात लावायला लागतो, त्याचं पोरीला वाईट वाटतं, म्हणून म्हणते. त्यांनी तुला दटावून खाटेवर पाठवलं. तू दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणालीस. तेव्हा त्या म्हणाल्या, सरी, म्हणजे बरं, नाही धुणार. आणि मग तुला दिसू नये म्हणून रोज पहाटेच, तू उठायच्या आधी, धुऊन ठेवू लागल्या. अजून जरा जास्त घासून.

"तिला बरं वाटावं म्हणून," आत्या म्हणाल्या.

अक्का, म्हणजे तू सांगितलं होतंस. दोनदा सांगितलं होतंस. इतके दिवस मी तुझ्याशी ज्या गोष्टीवरून भांडते आहे, ती मुळात खरीच नव्हती, आणि तरी मला हायसं वाटलं नाही. काय कळलं ते तू सांगितलंस. कसं कळलं ते नाही सांगितलं. साहेबांना ऐकवायचीस ना, त्याशिवाय अर्थ नाही म्हणून? एक वाक्य जास्त लागलं असतं गं. आत्या, मी अंडीच तपासते. एवढंच.

ते वाक्य मग मला बोलावं लागलं, कारण आत्यांनी विचारलं, "तिला कसं ठाऊक?" मी पद्माला अंडी कोरडी करून, उकडून द्यायला सांगून घरी पाठवलं, आणि आत्यांना सगळं सांगितलं. ज्योत, चिमटा, निळी साडी, इस्पितळाचा स्वयंपाकी, फळ्यावरचं चित्र. त्या बादलीतल्या पाण्याकडे पाहत ऐकत होत्या. मी थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, मी दिलेल्या टोपलीत होतं का ते?

मी खोटं बोलणार होते. पण तू शिकवलेलं तोंडात आलं. म्हटलं, "टोपलीतल्या अंड्यांत सापडलं. सरसाच्या पोटात काय होतं, ते कुणी तपासलं नाही. ते मला सांगता यायचं नाही, आत्या." आणि बोलता बोलता मला कळलं की हे मी त्यांची समजूत घालायला म्हणत नव्हते. ते तसंच होतं. तू माझ्या हातातून कागद काढून घ्यायचीस तो याचसाठी, हे मला इतक्या वर्षांनी, तुमच्या परसात बसून कळलं.

आत्या मान हलवत राहिल्या. त्या भोळ्या नाहीत, त्यांना जे समजायचं ते समजलं होतं. त्यांनी बादली कलंडवली, पाणी केळीच्या बुंध्याशी गेलं. मग त्यांनी मला विचारलं, ती घरी आल्या आल्या गार पाण्याने न्हायची, ती यासाठी? मी हो म्हटलं. थंडीतसुद्धा यासाठीच? मी पुन्हा हो म्हटलं.

मला वाटलं होतं, त्या विटाळाचं काही बोलतील, किंवा लपवलं म्हणून रागावतील. त्या विहिरीच्या काठावर बसल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडल्या.

"मला सांगायचं होतं तिनं," आत्या म्हणाल्या. "मी रोज बंब पेटवून ठेवला असता."